डबेवाले, एमबीएवाले आणि मी

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी म्हटलं, या अंकात मी 'बिझनेस स्टडी ट्रिप'वर लिहिणार. दोघीतिघी हसल्याच. वाङ्मयाची पोरगी आणि बिझनेस? पण संबंध आहे, आणि तो भाषेचाच आहे. गेल्या नाताळच्या सुट्टीत मी मुंबईत चार दिवस एका परदेशी एमबीए गटाची दुभाषी होते. त्या चार दिवसांत माझ्या हातून भाषांतराची एक चूक झाली. चूक एका शब्दाची. पण तिच्यामुळे मला डबेवाल्यांबद्दल जगभर सांगितली जाणारी एक गोष्ट नव्याने वाचायला लागली, आणि अशा अभ्याससहलीत नेमकं काय घडतं तेही आतून बघायला मिळालं.

झालं असं. नाताळ झाल्यावर मी बेळगावहून मावशीकडे वसईला गेले होते. पिशवीत आईने दिलेल्या नेवऱ्या, डोक्यात सहाव्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट. माझा मावसभाऊ एका ट्रॅव्हल कंपनीत आहे. परदेशी विद्यापीठांचे गट आले की त्यांची हॉटेलं, बसगाड्या, कंपन्यांच्या भेटीच्या वेळा हे सगळं त्याची कंपनी बघते. त्यांचा नेहमीचा दुभाषी आजारी पडला. दादा म्हणाला, "तुला मराठी येतं, इंग्रजी येतं, तोंड तर चालूच असतं. येतेस का?" मी लगेच हो म्हटलं. बेळगावात वाढलेल्याला दुभाषेपणाचं काय विशेष! घरात मराठी, कॉलेजात इंग्रजी, बसमध्ये कन्नड, आजीशी कोंकणी. दिवसभर आपण तेच करत असतो असं मला वाटत होतं.

आधी ही सहल म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. एमबीए शिकवण्याची जुनी पद्धत म्हणजे 'केस'. एखाद्या कंपनीची खरी अडचण दहावीस पानांत लिहून काढायची आणि वर्गात त्यावर वाद घालायचा. हार्वर्ड बिझनेस स्कूलने ही पद्धत शंभर वर्षांपूर्वी रुजवली. पुढे २००८च्या आर्थिक संकटानंतर लोक विचारू लागले, की इतके हुशार एमबीए बँकांत बसलेले असताना हे झालंच कसं? २०१० साली हार्वर्डच्याच प्राध्यापकांनी एमबीए शिक्षणाचा फेरविचार करणारं पुस्तक लिहिलं. मुलांना माहिती भरपूर मिळते, पण प्रत्यक्ष करणं आणि स्वतःला ओळखणं कमी पडतं, असा त्याचा साधारण सूर. पुढच्याच वर्षी हार्वर्डने 'फील्ड' नावाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गटागटाने परदेशात धाडायला सुरुवात केली. परदेशी सहली इतर विद्यापीठांतही होत्याच, त्या आणखी वाढल्या. आठदहा दिवस, एक देश, रोज दोनतीन भेटी, संध्याकाळी चर्चा, शेवटी अहवाल. याला क्रेडिट मिळतात, म्हणजे ती नुसती सहल नसते. पण शेवटच्या दिवशी खरेदीला वेळ ठेवलेला असतो, म्हणजे सहलही असतेच.

आमच्या गटात चोवीस जण होते. विद्यापीठ अमेरिकेतलं, पण मुलं ब्राझीलची, कोरियाची, नायजेरियाची, टेक्सासची, कुठली कुठली. वयाने माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठी, बहुतेकांनी नोकऱ्या केलेल्या. पहिले दोन दिवस एक बँक, एक औषध कंपनी आणि एक स्टार्टअप. तिथे माझं काही कामच नव्हतं. सगळे इंग्रजी बोलतात, सगळ्यांचे पडद्यावरचे बाण वर जातात. मी मागे बसून चहा प्यायले.

तिसरा दिवस डबेवाल्यांचा. तारीख ५ जानेवारी, तीन राजांच्या सणाचा आदला दिवस. लांबून प्रवास करून येणारे ज्ञानी लोक त्या दिवशी माझ्या डोक्यात होतेच. हे मात्र पश्चिमेकडून आले होते.

डबेवाले आपल्याला माहीत असतात असं आपण धरून चालतो. मीही धरलं होतं. आदल्या रात्री वाचायला बसले तेव्हा कळलं की मला पांढरी टोपी सोडून काहीच माहीत नाही. हे काम महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली शंभरेक माणसं घेऊन सुरू केलं. १९५६ साली ट्रस्ट म्हणून नोंदणी झाली. माणसं बहुतेक पुणे जिल्ह्याच्या मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली, पुष्कळ माळकरी. चैत्रात गावच्या जत्रेला सगळे मिळून सुट्टी घेतात आणि तेव्हा मुंबईने आपल्या जेवणाचं आपण बघायचं. २००३ साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले, तेव्हा भेटीची वेळ डब्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरली होती. २००५ साली त्यांच्या लग्नाला डबेवाल्यांचे दोन प्रतिनिधी गेले. आणि २०१० साली हार्वर्डने त्यांच्यावर केस लिहिली, स्टीफन थॉमके या प्राध्यापकांनी. त्या केसमध्ये आकडे असे: सुमारे पाच हजार डबेवाले, रोज एक लाख तीस हजार डबे. भरलेला डबा जातो, रिकामा परत येतो, म्हणून रोजच्या फेऱ्या दोन लाख साठ हजार.

आमच्या चोवीस जणांनी ही केस विमानात वाचली होती. काहींनी त्याच विमानात 'द लंचबॉक्स' हा २०१३चा सिनेमाही बघितला होता. त्या सिनेमाची सगळी गोष्ट एका चुकीच्या ठिकाणी गेलेल्या डब्यावर उभी आहे. त्यातला डबेवाला चूक मान्य करत नाही आणि वर हार्वर्डचा दाखला देतो. म्हणजे मुलांच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम होत्या: डबा चुकत नाही, आणि डबा चुकतो.

सकाळी साडेनऊला आम्ही विलेपार्ले स्टेशनबाहेर उभे होतो. सायकलींवरून, हातगाडीवरून डबे येत होते. एकेक माणूस तीसपस्तीस घरांतून डबे गोळा करून आणतो. मग फुटपाथवरच वाटणी सुरू होते. कुणी ओरडत नाही, कुणी कागद बघत नाही. डबे जमिनीवर पडतात आणि दहा मिनिटांत त्यांचे वेगळे ढीग झालेले असतात.

खरी गंमत डब्याच्या झाकणावर आहे. तिथे रंगाने काही अक्षरं आणि आकडे काढलेले असतात. केसमध्ये आणि सगळीकडे दिलं जाणारं उदाहरण सांगते. मधोमध मोठा ३ म्हणजे डबा कुठे उतरवायचा तो भाग, इथे चर्चगेटजवळचं नरिमन पॉइंट. एका बाजूला व्हीएलपी, म्हणजे विलेपार्ले, डबा जिथून निघाला ते स्टेशन. त्याजवळ ई, म्हणजे घरून डबा उचलणाऱ्या माणसाची खूण. दुसऱ्या बाजूला ९ईएक्स१२. यातला ९ म्हणजे तिकडे डबा पोचवणारा माणूस, ईएक्स म्हणजे एक्सप्रेस टॉवर्स ही इमारत, १२ म्हणजे मजला. झालं. नाव नाही, रस्ता नाही, पिनकोड नाही.

एका मुलीने विचारलं, "पण पूर्ण पत्ता का नाही?" मी काकांना विचारलं. काका म्हणजे त्या गटाचे मुकादम, साठीच्या आसपासचे, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पत्ता वाचीत बसलो तर गाडी जाईल की, पोरी." हे मला आवडलं. पत्ता लिहिला तर वाचावा लागतो, खूण नुसती बघायची असते. लोकल स्टेशनवर अर्धा मिनिटभर थांबते. तेवढ्यात डब्यांनी भरलेले, साठ-पासष्ट किलोंचे लांब लाकडी क्रेट सामानाच्या डब्यात चढवायचे. (इथे माझी पहिली फजिती. "डबे डब्यात चढवतात" हे इंग्रजीत सांगताना मी तीन वेळा अडखळले. आपल्याला एकच शब्द पुरतो, त्यांना टिफिन वेगळा, बोगी वेगळी.)

गटातल्या ब्राझीलच्या मुलाने एक छान गोष्ट टिपली. तो म्हणाला, इथे घड्याळ कुणाच्याच हातात दिसत नाही, कारण रेल्वे हेच घड्याळ आहे. ते खरंच आहे. गाडी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे आधीचं प्रत्येक काम त्या वेळेला पुरं व्हावंच लागतं. एखादं गिऱ्हाईक रोज उशिरा डबा देत असेल तर त्याला दोनचारदा सांगून बघतात आणि मग काम सोडून देतात. एका डब्यामुळे बाकीच्या तीस जणांचं जेवण उशिरा का व्हावं? हे ऐकून टेक्सासचा एक जण चकित झाला. गिऱ्हाईक हाच राजा असं तो शिकला होता. इथे राजाला सांगतात, नऊ वाजता डबा दाराबाहेर ठेव.

चुका कमी का होतात, याचं उत्तर मला केस वाचून थोडं कळलं होतं, फुटपाथवर जास्त कळलं. गट छोटे असतात, वीसपंचवीस माणसांचे, आणि प्रत्येक गट आपला हिशेब आपण बघतो. खर्च जाऊन उरलेले पैसे सारखे वाटतात, मग तो वीस वर्षांचा जुना असो की नवा. गटात एकदोन माणसं जादा असतात, कुणी आजारी पडला, कुणाची सायकल पंक्चर झाली तर धावायला. नवा पोरगा गावाकडून ओळखीनेच येतो, त्याने गडबड केली तर बातमी संध्याकाळपर्यंत गावात. शिवाय माणूस वर्षानुवर्षं त्याच इमारती करतो, त्यामुळे झाकणावरची खूण पुसट झाली तरी हाताला डबा ओळखू येतो. यात जादू कुठेच नाही, आणि फुकटचं तर काहीच नाही. जादा माणूस ठेवणं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यात थोडी घट. पण एमबीएच्या मुलांना कौतुक होतं ते संगणक नाही याचं. "विदाउट टेक्नॉलॉजी!" असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला वाटलं, एवढा रेल्वेमार्ग काय झाडाला लागला होता?

गाडीला वीस मिनिटं होती. तेवढ्यात प्रश्नोत्तरं. इथे माझी चूक झाली.

कोरियाच्या मुलाने विचारलं, "तुमचा एरर रेट किती?" मी म्हटलं, "काका, चुका किती होतात असं विचारतोय." काका हसले. म्हणाले, "चूक व्हती की. मानसं हाओत. आमच्याकडं महिन्या-दोन महिन्यांतनं एखादा डबा जातो हिकडचा तिकडं."

मी इंग्रजीत सांगितलं: दोन महिन्यांत एक. वहीत लिहिलं गेलं: दोन महिन्यांत एक.

आता हे वाक्य पुन्हा वाचा. काकांनी 'एक' म्हटलं नव्हतं, 'एखादा' म्हटलं होतं. एखादा म्हणजे एक असतो, कधी दोन असतात, कधी नसतोच. "एखादा दिवस येऊन जा" म्हणणारा माणूस तारीख देत नसतो. 'महिन्या-दोन महिन्यां'तला महिनाही मी गाळला आणि फक्त दोन ठेवले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, 'आमच्याकडं' हा शब्द माझ्या इंग्रजीत आलाच नाही. काका आपल्या गटाबद्दल बोलत होते. ऐकणाऱ्यांना वाटलं, सगळ्या मुंबईबद्दल.

दुसरा प्रश्न टेक्सासच्या मुलाचा. इतकं उन्हातान्हात काम, मग इन्सेंटिव्ह काय? मी 'इन्सेंटिव्ह'ला शब्द शोधत राहिले. प्रोत्साहन? बक्षीस? शेवटी म्हटलं, "एवढं जिवावर उदार होऊन का करता, असं विचारतोय." काका म्हणाले, "अन्न हाय ना त्ये. मानूस उपाशी ऱ्हाईल." मी तसंच सांगितलं. त्याने वहीत एकच शब्द लिहिला, 'पर्पज'. चूक नाही म्हणता येणार, पण भूक त्या शब्दात मावली नाही.

तिसरा प्रश्न प्राध्यापिकेचा होता. तुमची मुलं या कामात येणार का? काका थोडं थांबले. "माझं पोरगं बी.कॉम. झालंय. ते कशाला येतंय ह्यात? आन् करोनानंतर लोक घरूनच काम करत्यात. आमचे आधी दोन क्रेट भरायचे, आता एक भरला तरी लई झालं." तेवढ्यात दादा घड्याळ दाखवायला लागला, क्रेट उचलले गेले, सगळे फलाटाकडे पळाले. मी मागून धावत ओरडले, मुलगा शिकलाय, तो येणार नाही. बाकीचं राहून गेलं. नंतर चर्चगेट, तिथली दुसरी वाटणी, फोटो, बस. माझ्याही डोक्यातून गेलं.

संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये त्यांची चर्चा होती. प्रत्येक दिवशी चार जणांनी मांडायचं असा नियम. कोरियाच्या मुलाचा तिसराच पडदा असा होता: एक कोटी तीस लाख डब्यांमागे एक चूक, सिक्स सिग्मापेक्षा सरस, प्रत्यक्ष भेटीत खात्री केली.

खात्री केली! कुणाकडून? माझ्याकडून.

त्याने गणित चोख केलं होतं. केसमधले एक लाख तीस हजार डबे, दोन महिन्यांतले कामाचे पन्नास दिवस, जाणंयेणं धरून दुप्पट. एक कोटी तीस लाख. त्यामागे एक.

मी मागे बसल्या बसल्या फोनवर 'सिक्स सिग्मा' शोधायला लागले. हा शब्द मोटोरोला कंपनीतून १९८०च्या दशकात आला. कारखान्यातले दोष कमी करण्याची ती एक शिस्त आहे, आणि तिचं ठरलेलं माप म्हणजे दहा लाख संधींमागे ३.४ दोष. डबेवाल्यांना 'फोर्ब्स'ने सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं, हे वाक्य तर मी शाळेपासून ऐकत आले आहे. मराठी पेपरांत, व्हॉट्सअॅपवर, शिबिरांतल्या भाषणांत. शोधत गेले तर गोष्ट भलतीच निघाली.

'फोर्ब्स ग्लोबल'मध्ये १९९८ साली डबेवाल्यांवर एक लेख आला होता. मुख्य लेखक सुब्रत चक्रवर्ती. त्यांनी पुढे स्वतःच खुलासा केला, की आम्ही असं कुठलंही प्रमाणपत्र दिलं नाही आणि लेखात मी 'सिक्स सिग्मा' हा शब्दही वापरलेला नाही. मग आकडा आला कुठून? त्यांनी संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं होतं, चूक कितीदा होते. उत्तर मिळालं, जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांतून एकदा होत असेल, त्याहून जास्त झाली तर गिऱ्हाईक माफ करणार नाही. चक्रवर्तींनी गुणाकार केला. ऐंशी लाख डब्यांमागे एक चूक, आणि परतीचे डबे धरले तर एक कोटी साठ लाखांमागे एक. एवढंच. पुढे कुणी तो आकडा सिक्स सिग्माच्या मापाशी लावून बघितला, कुणी त्याचं प्रमाणपत्र केलं, आणि ते आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मी तो खुलासा दोनदा वाचला. बोलताना सहज निघालेलं एक वाक्य, त्यावर एक गुणाकार. पंचवीसेक वर्षांनी त्याच शहरात पुन्हा एक वाक्य, पुन्हा गुणाकार, आणि या वेळी मधली व्यक्ती मी.

गप्प बसावं असंच आधी वाटलं. मी कोण? रोजावर आलेली पोरगी. शिवाय आकडा आपल्या माणसांच्या कौतुकाचा आहे, तो आपणच का कमी करायचा? खोटं सांगत नाही, हा विचार माझ्या मनात बराच वेळ होता. बेळगावातल्या मराठी माणसाला मराठी माणसाचं कौतुक जरा जास्तच गोड लागतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण पडद्यावर 'खात्री केली' लिहिलं होतं आणि काकांनी तर "चूक व्हती की" असं सुरुवातीलाच सांगितलं होतं. तेवढं एक वाक्य आख्ख्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

मी हात वर केला. म्हटलं, माझं भाषांतर चुकलंय. 'एखादा'चा अर्थ समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली आणि तरी पुरता आला नाही. मग 'आमच्याकडं'. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. इंग्रजीत दोन्हींना एकच 'वी'. पण 'आम्ही' म्हटलं तरी ते आम्ही किती जण, हे बोलणाऱ्याच्या मनात असतं. काकांच्या मनात त्यांचा गट होता.

कोरियाचा मुलगा रागावला नाही. त्याने लॅपटॉप ओढला आणि विचारलं, "त्यांच्या गटाचे रोजचे डबे किती?" काकांनी सकाळी वाटणी दाखवताना पाचशेच्या आसपास सांगितलं होतं. पाचशे गुणिले पन्नास, पंचवीस हजार. पंचवीस हजारांमागे एखादा, म्हणजे दहा लाखांमागे चाळीसेक. "हे सिक्स सिग्मा नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण फार चांगलं आहे." वर्षभरात मी स्वतः किती छत्र्या विसरते ते आठवून मला तर ते अचाटच वाटलं. मी त्याला हेही म्हटलं, की हा नवा आकडासुद्धा 'एखादा'वरच उभा आहे, त्याच्यावर फार भार टाकू नकोस.

प्राध्यापिका इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "माझ्या प्रश्नाचं उत्तर तरी पूर्ण आलं होतं का?" तेव्हा मला तो राहिलेला क्रेट आठवला. सांगितलं. हॉल जरा शांत झाला. केसमधला एक लाख तीस हजाराचा आकडा २०१०चा आहे. मार्च २०२०मध्ये लोकल बंद झाल्या, ऑफिसं बंद झाली, डबे बंद झाले, आणि नंतर ऑफिसं उघडली तरी सगळी माणसं रोज तिथे परतली नाहीत. पडद्यावर जो धंदा आम्ही बघत होतो तो केसमधला होता. फुटपाथवर सकाळी आम्ही ज्याला भेटलो त्याचा एक क्रेट रिकामा होता, आणि चोवीस जणांपैकी कुणीच तो बघितला नव्हता, कारण रिकामा क्रेट तिथे नव्हताच. नसलेली वस्तू दिसणार कशी?

मग त्यांचा वाद रंगला. चुका इतक्या कमी असूनही धंदा आटतो, तर मग चुका मोजण्यात अर्थ काय? नायजेरियाची मुलगी म्हणाली, आपण आज सकाळी चुकीचा प्रश्न घेऊन गेलो होतो. विचारायचं होतं ते हे, की डबा भरणारी बाई आणि डबा खाणारा माणूस अजून तिथे आहेत का. मला वाटतं त्या चार दिवसांतलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच. टेक्सासचा मुलगा म्हणाला, अॅप काढावं. त्यावर दोघेजण तुटून पडले. माझं काम संपलं होतं, मी जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी गट बंगळुरूला गेला. मला वसईला जायचं होतं, पण मी आधी पार्ल्याला उतरले. काका वाटणीतच होते. मी म्हटलं, "काका, काल तुमचं बोलणं मी नीट पोचवलं नव्हतं. रात्री पोचवलं." त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "पोचलं न्हवं? मग झालं." मग हातातलं काम न थांबवता विचारलं, "तू कुठली गं?"

"बेळगावची."

"मंग तिकडं मराठी बोलत्यात का कानडी?"

"दोन्ही. घरात मराठी. आजी कोंकणी."

"आन् शाळा इंग्लिश," ते म्हणाले आणि हसले. त्यांचा मुलगा एका बँकेत लागलाय, घरूनच काम करतो, हे मला तेव्हा कळलं. त्याचा डबा घरीच असतो.

आपल्यापैकी कुणाला असं काम मिळालं तर एक सांगते. वही बरोबर ठेवा आणि माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत आधी लिहून घ्या, मग भाषांतर करा. 'एखादा', 'जवळजवळ', 'आमच्याकडं', 'तसं बघितलं तर' असले शब्द पहिल्यांदा गळतात, कारण ते बिनकामाचे वाटतात. आणि पैसे आधी ठरवून घ्या. दादाने मला अजून बसचं भाडं दिलेलं नाही.

मार्चमध्ये त्यांचा अहवाल दादाकडे आला, त्याने मला पाठवला. एक कोटी तीस लाखांचा आकडा गेला आहे. त्या जागी मुकादमांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या गटात चूक क्वचित होते, असं लिहिलं आहे. 'एखादा' रोमन लिपीत छापून त्याखाली तळटीप दिली आहे, ती बरीच बरोबर आहे. कमी झालेल्या डब्यांवर दीड पान आहे. छायाचित्राखाली मात्र 'सिक्स सिग्मा' तसंच राहिलं आहे. त्या छायाचित्रात मीही आहे, अर्धीच, क्रेटच्या मागे.